शनीचे चंद्र वाढले, नंबर मात्र तोच: डेटाबेस क्वेरीतून रँक सहसंबंध कसा काढायचा

मार्च २०२५ मध्ये शनीच्या खात्यावर एका दमात १२८ नवे चंद्र जमा झाले. आधी १४६ होते, ते २७४ झाले. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारायची भाषा, शिकवण्यासाठी मी ग्रहांचा आठ ओळींचा एक तक्ता वापरतो. त्यात ग्रहाचा व्यास आणि त्याच्या चंद्रांची संख्या यांचा सहसंबंध, म्हणजे दोन्ही किती सोबत वाढतात याचं उणे १ ते अधिक १ मधलं माप, ०.९२ यायचा. शनीसमोरची ती एक संख्या बदलली आणि तोच सहसंबंध ०.७८ वर घसरला. बाकीचे सात ग्रह जागच्या जागी होते, शनी आधीही सगळ्यात जास्त चंद्रांचा होता आणि आताही आहे. तरी उत्तर एवढं हललं.

सहसंबंधाचं नेहमीचं माप, म्हणजे पिअरसनचा गुणांक, हे असंच वागतं. आलेखावरचे ठिपके एका सरळ रेषेच्या किती जवळ आहेत, एवढंच ते बघतं. एखादा ठिपका फार लांब गेला की रेषा त्याच्याकडे ओढली जाते. आपला प्रश्न मात्र बहुतेक वेळा साधा असतो: एक गोष्ट वाढली की दुसरीही वाढते का? सरळ रेषेत वाढते की वाकडीतिकडी, याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं. अशा वेळी मूळ आकडे बाजूला ठेवायचे, त्यांचे नंबर लावायचे (सगळ्यात लहानाला १) आणि नंबरांचा सहसंबंध काढायचा. चार्ल्स स्पिअरमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये ही पद्धत मांडली, म्हणून तिला स्पिअरमनचा रँक सहसंबंध म्हणतात. मूळ आकड्यांऐवजी नंबर घालून काढलेला पिअरसन, एवढाच त्याचा अर्थ. हे एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं की पुढची क्वेरी तुम्ही स्वतःच लिहाल. अडचणी येतात त्या नंबर लावण्यात, म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्यावरच आहे.

आधी तक्ता

मी पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस धरून चालतो, कारण सहसंबंधाचं फंक्शन, कॉर, त्यात तयार मिळतं. इतर डेटाबेसांचं पुढे सांगतो. इथल्या सगळ्या क्वेरी देवनागरीत लिहिल्या आहेत. सिलेक्ट, फ्रॉम, ओव्हर असे आदेशाचे शब्द आणि सगळे अंक टाइप करताना रोमन लिपीत टाका. तक्त्याचं नाव, रकान्यांची नावं आणि अवतरणातला मजकूर देवनागरीतच ठेवला तरी पोस्टग्रेएसक्यूएल कुरकुर करत नाही. फक्त नाव प्रत्येक ठिकाणी हाताने टाइप करण्यापेक्षा कॉपी करा. देवनागरीत जोडाक्षरांच्या मध्ये न दिसणारं एखादं चिन्ह शिरतं, मग डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावं डेटाबेसला वेगळी वाटतात आणि आपण ‘असा रकाना नाही’ या संदेशाकडे बघत डोकं खाजवत बसतो.

क्रिएट टेबल ग्रह (
  नाव टेक्स्ट,
  गट टेक्स्ट,
  अंतर न्यूमेरिक,
  व्यास इंटिजर,
  चंद्र इंटिजर
);

इन्सर्ट इंटू ग्रह व्हॅल्यूज
  ('बुध', 'आतला', ०.३९, ४८७९, ०),
  ('शुक्र', 'आतला', ०.७२, १२१०४, ०),
  ('पृथ्वी', 'आतला', १.००, १२७५६, १),
  ('मंगळ', 'आतला', १.५२, ६७९२, २),
  ('गुरू', 'बाहेरचा', ५.२०, १४२९८४, ९५),
  ('शनी', 'बाहेरचा', ९.५४, १२०५३६, २७४),
  ('युरेनस', 'बाहेरचा', १९.१९, ५१११८, २८),
  ('नेपच्यून', 'बाहेरचा', ३०.०७, ४९५२८, १६);

अंतर सूर्यापासूनचं आहे, पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधलं अंतर १ धरून. व्यास विषुववृत्तावरचा, किलोमीटरमध्ये. चंद्रांची संख्या मार्च २०२५ ची. तुम्ही वाचाल तोवर ती आणखी वाढलेली असेल, आणि त्याने बहुधा काही बिघडणार नाही.

पहिली फेरी: बरोबरी नसलेले रकाने

अंतर आणि व्यास घेऊ. दोन्हींत कुठलीच किंमत दोनदा आलेली नाही, त्यामुळे नंबर लावणं सोपं आहे.

विथ क्रमवार ॲज (
  सिलेक्ट
    रँक() ओव्हर (ऑर्डर बाय अंतर) ॲज अंतर_क्रम,
    रँक() ओव्हर (ऑर्डर बाय व्यास) ॲज व्यास_क्रम
  फ्रॉम ग्रह
)
सिलेक्ट कॉर(अंतर_क्रम, व्यास_क्रम) फ्रॉम क्रमवार;

‘रँक() ओव्हर’ हे विंडो फंक्शन. ग्रुप बाय करताना ओळी एकत्र होऊन त्यांची संख्या कमी होते, इथे तसं होत नाही. प्रत्येक ओळ जागेवर राहते आणि तिच्या शेजारी तिचा नंबर येऊन बसतो. विंडो फंक्शनचं उत्तर थेट कॉरच्या कंसात टाकता येत नाही, डेटाबेस चूक दाखवतो. म्हणूनच हे दोन टप्पे: ‘विथ’मध्ये नंबर लावायचे, बाहेर येऊन सहसंबंध काढायचा.

उत्तर येतं ०.६९. आता थेट मूळ आकड्यांवर कॉर(अंतर, व्यास) चालवून बघा. ०.२५ येईल. तफावत केवढी आहे बघा, आणि दोन्ही उत्तरं आपापल्या जागी खरी आहेत. सूर्यापासून दूर जाताना ग्रह साधारण मोठे होत जातात, पण सरळ रेषेत मुळीच नाही. मध्येच गुरू आणि शनी उंच सुळक्यांसारखे उभे आहेत. हे सुळके पिअरसनला गोंधळात टाकतात. नंबरांच्या दुनियेत गुरू फक्त आठवा असतो, सातव्याच्या एक पायरी वर.

पहिल्या वेळी हे हातानेही करून बघा, कागदावर पाच मिनिटांचं काम आहे. अंतराचे नंबर १ ते ८ ओळीने. व्यासाचे बुधापासून नेपच्यूनपर्यंत १, ३, ४, २, ८, ७, ६, ५. प्रत्येक ग्रहाच्या दोन नंबरांतला फरक काढा, वर्ग करा, बेरीज करा. २६ येते. पाठ्यपुस्तकातलं सूत्र सांगतं की या बेरजेला ६ ने गुणा, आठ गुणिले त्रेसष्ट म्हणजे ५०४ ने भागा आणि उत्तर १ मधून वजा करा. १५६ भागिले ५०४ म्हणजे ०.३१, उरले ०.६९. क्वेरीशी जुळलं.

(सहज म्हणून अंतराशेजारी ग्रहाचा सूर्याभोवतीचा प्रदक्षिणाकाळ ठेवून बघा. केप्लरचा तिसरा नियम वाकडी रेषा देतो, त्यामुळे पिअरसन ०.९८८ वर थांबतो. रँक सहसंबंध बरोबर १ येतो, कारण दूरचा ग्रह नेहमीच जास्त वेळ घेतो, अपवादच नाही.)

हे ६ चं सूत्र कॉलेजात पाठ केलेलं असल्यामुळे अनेकजण क्वेरीतही तेच लिहितात. लिहू नका. बरोबरीचे नंबर आले की ते चुकतं, आणि किती चुकतं हे एका टोकाच्या उदाहरणातून कळेल. समजा एका रकान्यात सगळ्या किंमती सारख्याच आहेत, सगळ्यांना ५ पैकी ५. अशा रकान्याचा कशाशीही सहसंबंध काढणंच निरर्थक आहे, आणि कॉर तिथे सरळ नल, म्हणजे रिकामी किंमत, देतं. ६ चं सूत्र मात्र दर वेळी ठणठणीत ०.५ देतं, समोर दुसरा कुठलाही बरोबरी नसलेला रकाना ठेवा! अभिप्रायाचे तारे, पाहणीतली १ ते ५ उत्तरं, परीक्षेतल्या श्रेणी, अशा बरोबरीने भरलेल्या माहितीत हे सूत्र काय गोंधळ घालत असेल याचा अंदाज बांधा.

दुसरी फेरी: क्रमांक विभागून

आता व्यास आणि चंद्र. बुध आणि शुक्र दोघांनाही शून्य चंद्र. मग नंबर कोणाचा कितवा?

एकांकिका स्पर्धेच्या निकालात ‘द्वितीय क्रमांक विभागून’ असं असतं ना, तेच इथे करायचं. पहिली आणि दुसरी अशा दोन जागा बुध आणि शुक्राने मिळून अडवल्या आहेत, म्हणून दोघांना त्यांची सरासरी, १.५. पृथ्वीचा नंबर ३. तिघांची बरोबरी चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या जागेवर असेल तर तिघांनाही ५. नंबरांची एकूण बेरीज यामुळे बदलत नाही, आणि ती न बदलणं महत्त्वाचं आहे.

एसक्यूएलचं रँक() असं विभागून देत नाही. ते दोघांनाही १ देतं आणि पुढच्याला ३. डेन्स_रँक() दोघांना १ देऊन पुढच्याला २ देतं, म्हणजे मधली जागाच गिळून टाकतं. रो_नंबर() त्याहून वाईट: ते बरोबरीच्या दोघांपैकी कोणालाही १ आणि कोणालाही २ देतं, आणि आज दिलं तसंच उद्या देईल याची हमी नाही. स्पिअरमनसाठी तिन्ही जसेच्या तसे चालत नाहीत. पण रँक()ला थोडी मदत केली की काम होतं. बरोबरीच्या गटात किती जण आहेत ते मोजा, त्यातून १ वजा करा, त्याचं अर्धं रँकमध्ये मिळवा. दोघे असतील तर १ अधिक अर्धा, म्हणजे १.५. तिघे चौथ्या जागेवर असतील तर ४ अधिक १, म्हणजे ५.

पूर्ण क्वेरी अशी होते (‘पार्टिशन बाय’ सारख्या किंमतीच्या ओळींचा एक गट करतं):

विथ स्वच्छ ॲज (
  सिलेक्ट व्यास, चंद्र
  फ्रॉम ग्रह
  व्हेअर व्यास इज नॉट नल अँड चंद्र इज नॉट नल
),
क्रमवार ॲज (
  सिलेक्ट
    रँक() ओव्हर (ऑर्डर बाय व्यास)
      + (काउंट(*) ओव्हर (पार्टिशन बाय व्यास) - १) / २.० ॲज व्यास_क्रम,
    रँक() ओव्हर (ऑर्डर बाय चंद्र)
      + (काउंट(*) ओव्हर (पार्टिशन बाय चंद्र) - १) / २.० ॲज चंद्र_क्रम
  फ्रॉम स्वच्छ
)
सिलेक्ट
  कॉर(व्यास_क्रम, चंद्र_क्रम) ॲज स्पिअरमन,
  काउंट(*) ॲज जोड्या
फ्रॉम क्रमवार;

उत्तर ०.८८६, जोड्या ८.

आता त्या ‘२.०’ कडे नीट बघा. तिथे नुसतं २ लिहिलंत तर पोस्टग्रेएसक्यूएल पूर्णांकी भागाकार करतं. एक भागिले दोन म्हणजे शून्य, अर्धा गायब. क्वेरी चालते, चूक दाखवत नाही, उत्तर देते ०.८८१. दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत वाचणाऱ्याला फरकही कळणार नाही. इथे बरोबरी एकाच जोडीत आहे म्हणून फरक एवढासा आहे. तुमच्या तक्त्यात हजार ग्राहकांनी ५ पैकी ४ तारे दिले असतील तर तो एवढासा राहणार नाही. म्हणून क्वेरी लिहून झाली की व्यास_क्रम आणि चंद्र_क्रम यांच्या बेरजा काढून बघायची सवय लावा. आठ ओळींना १ ते ८ ची बेरीज, ३६, दोन्हीकडे आलीच पाहिजे. एखादीकडे ३५ आली तर अर्धा कुठेतरी सांडला आहे.

दशांश रकान्यांबद्दल जाता जाता एक. डबल प्रिसिजन या दशांश आकड्यांच्या प्रकारात गणित करून आलेल्या किंमती डोळ्यांना सारख्या दिसल्या तरी शेवटच्या कुठल्यातरी घरात वेगळ्या असू शकतात, मग त्यांची बरोबरी धरली जात नाही. अशा रकान्याला नंबर लावण्याआधी राउंड करा.

आता सुरुवातीच्या गोष्टीकडे परत. शनीच्या जागी जुने १४६ टाका आणि हीच क्वेरी चालवा. उत्तर पुन्हा ०.८८६. जसंच्या तसं, कारण शनीचा नंबर आठवा होता आणि आठवाच राहिला. नंबर खरंच हलला की मात्र हे मापही हलतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये काही काळ गुरू पुढे गेला होता, गुरूचे ९२ आणि शनीचे ८३. त्या दिवसांतले आकडे भरले तर रँक सहसंबंध ०.९१० येतो, कारण सगळ्यात मोठ्या ग्रहाकडे सगळ्यात जास्त चंद्र होते. मग मे महिन्यात शनी १४५ वर गेला आणि सगळ्यात वरचा, आठवा नंबर परत घेतला.

प्लूटो आणि रिकामे रकाने

वरच्या क्वेरीत ‘स्वच्छ’ हा पहिला टप्पा मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे. तो काढून टाकण्याचा मोह होतो, कारण कॉर हे फंक्शन नल असलेल्या जोड्या स्वतःहून वगळतं, असं दस्तऐवजात लिहिलेलं असतं. ते खरंही आहे. पण आपण कॉरला मूळ किंमती देतोच कुठे? आपण नंबर देतो, आणि नंबर नलला पण मिळतो.

करून बघा. प्लूटोची ओळ घाला: अंतर ३९.५, चंद्र ५, गट नल, आणि व्यास माहीत नाही असं समजून तिथेही नल. (प्लूटो २००६ पासून ग्रह नाही हे मला माहीत आहे, इथे तो आपला प्रयोगातला ससा आहे.) चढत्या क्रमाने लावताना पोस्टग्रेएसक्यूएल नलला सगळ्यात शेवटी ठेवतं. म्हणजे ज्याचा व्यासच ठाऊक नाही तो प्लूटो नवव्या नंबरवर, गुरूपेक्षाही मोठा! मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट नलला सुरुवातीला ठेवतात, तिथे तोच प्लूटो सगळ्यात लहान. चंद्रांच्या रांगेतही तो मंगळ आणि नेपच्यूनच्या मध्ये घुसतो आणि पुढच्या सगळ्यांना एकेक पायरी ढकलतो. ‘स्वच्छ’ टप्पा नसेल तर ०.८८६ चं ०.७५३ होतं.

गंमत इथे संपत नाही. प्लूटोचा व्यास सुमारे २३७७ किलोमीटर आहे, २०१५ मध्ये न्यू होरायझन्स यान त्याच्याजवळून गेलं तेव्हापासून तो नेमका माहीत आहे. तो खरा आकडा भरून क्वेरी चालवली तर उत्तर येतं... ०.७५३. तेच. एकदा प्लूटो सगळ्यात मोठा धरून, एकदा सगळ्यात लहान, आणि निव्वळ योगायोगाने दोन्हींचं उत्तर एकच. चुकीच्या वाटेने बरोबर गावी पोचलेली क्वेरी पुढच्या महिन्यात दुसऱ्याच गावी नेऊन सोडते. म्हणून निवड आधी, नंबर नंतर, हा क्रम मोडू नका. आणि दोन्ही रकान्यांची अट एकत्रच लावा. एका रकान्याचे नंबर ९ ओळींत आणि दुसऱ्याचे ८ ओळींत लागले तर बेरजांचा मेळ बसत नाही.

पुढे जाण्याआधी प्लूटोची ओळ डिलीट करा.

आकडा की अक्षरं?

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि ती सापडायला मला अख्खा एक दिवस लागला होता. सीएसव्ही फाइल घाईत भरताना व्यासासारखा रकाना टेक्स्ट म्हणून भरला गेला. मूळ रकान्यावर कॉर चालवलं असतं तर डेटाबेसने लगेच हात वर केले असते, कारण टेक्स्टसाठी असं फंक्शनच नाही. पण रँक()ला टेक्स्टचं वावडं नाही. ते शब्दकोशातल्यासारखे नंबर लावतं. मग ‘१२०५३६’ हे ‘१२१०४’ च्या आधी येतं आणि ‘६७९२’ सगळ्यांच्या शेवटी. म्हणजे शनी सगळ्यात लहान आणि मंगळ सगळ्यात मोठा. आपल्या तक्त्यात असं केलं तर ०.८८६ चं थेट उणे ०.०६ होतं: संबंधच नाही, असं डेटाबेस शांतपणे सांगतो.

तेव्हा अनोळखी तक्ता हातात आला की आधी रकान्यांचे प्रकार बघा. टेक्स्ट असेल तर कास्ट करून, म्हणजे प्रकार बदलून, न्यूमेरिक करा. आकडे देवनागरी अंकांत साठवलेले असतील तर कास्ट चालणार नाही, आधी ट्रान्सलेट() ने ते अंक बदलून घ्यावे लागतील. उलट, जिथे शब्दच आहेत पण त्यांना क्रम आहे, जसं ‘कमी’, ‘मध्यम’, ‘जास्त’, तिथे केस लिहून १, २, ३ द्या आणि मग रँक लावा. अकारविल्हे ‘जास्त’ मध्ये येतं आणि ‘मध्यम’ शेवटी.

गटागटाने

प्रत्यक्ष कामात एक आकडा क्वचितच पुरतो. शाखेनुसार, वर्षानुसार, जिल्ह्यानुसार हवा असतो. त्यासाठी गटाचा रकाना ‘स्वच्छ’मध्ये घ्या, प्रत्येक ओव्हरच्या कंसात पार्टिशन बाय गट घाला आणि शेवटी ग्रुप बाय गट करा. अंतर आणि व्यासासाठी मधला टप्पा असा:

सिलेक्ट
  गट,
  रँक() ओव्हर (पार्टिशन बाय गट ऑर्डर बाय अंतर)
    + (काउंट(*) ओव्हर (पार्टिशन बाय गट, अंतर) - १) / २.० ॲज अंतर_क्रम,
  रँक() ओव्हर (पार्टिशन बाय गट ऑर्डर बाय व्यास)
    + (काउंट(*) ओव्हर (पार्टिशन बाय गट, व्यास) - १) / २.० ॲज व्यास_क्रम
फ्रॉम स्वच्छ

काउंटच्या पार्टिशनमध्येही गट हवा, हे नवखे हमखास विसरतात. आणि सगळ्या तक्त्याचे नंबर एकदाच लावून मग फक्त ग्रुप बाय केलं तर चालत नाही. गटातल्या नंबरांमध्ये दुसऱ्या गटातल्या ओळींची भोकं पडतात आणि अंतरं असमान होतात. आपल्या ग्रहांत नेमका फरक दिसत नाही, कारण आतले चारही ग्रह बाहेरच्या चारांपेक्षा लहानही आहेत आणि सूर्याजवळही. तेवढ्यावरून क्वेरी बरोबर आहे असं समजू नका.

उत्तर मात्र बघण्यासारखं आहे. आतल्या चार ग्रहांत ०.४. बाहेरच्या चारांत उणे १: गुरूपासून नेपच्यूनपर्यंत प्रत्येक ग्रह आधीच्यापेक्षा लहान. आणि सगळे मिळून अधिक ०.६९! एकत्र आकडा सांगतो दूर जा, मोठे ग्रह भेटतील. बाहेरचा गट नेमकं उलट सांगतो. हा विरोधाभास क्वेरीतला नाही, सूर्यमालेतला आहे. पण एकच आकडा काढून अहवालात चिकटवला असता तर तो कधी दिसलाच नसता.

गट लहान असतील तर जोड्यांचा रकाना सोबत ठेवाच. दोनच ओळींच्या गटात बरोबरी नसेल तर उत्तर अधिक १ किंवा उणे १ यांपैकीच येतं, दुसरं येऊच शकत नाही. आणि ते उतरत्या क्रमाने लावलेल्या यादीत सगळ्यात वर जाऊन बसतं. मी हॅविंग काउंट(*) वर किमान ३० ची अट घालतो. ३० मध्ये जादू काही नाही, पण काहीतरी उंबरठा हवा.

आठ जोड्यांसाठी पुस्तकांतल्या कोष्टकात पाच टक्क्यांच्या पातळीची दुहेरी मर्यादा ०.७३८ दिलेली असते. त्या हिशेबाने अंतर आणि व्यासाचं ०.६९ केवळ योगायोगही असू शकतं, आणि व्यास-चंद्रांचं ०.८८६ मर्यादेच्या बरंच वर आहे. ग्रहांच्या बाबतीत ही चाचणी थोडी हास्यास्पद आहे, कारण आपण नमुना घेतलेला नाही, सगळेच्या सगळे ग्रह घेतले आहेत. ग्राहकांच्या नमुन्यावर काम करत असाल तर ती लावा.

दुसऱ्या डेटाबेसवर असाल तर

ऑरॅकलवाल्यांचं सगळ्यात सोपं: कॉर_एस हे स्पिअरमनसाठी आणि कॉर_के हे केंडॉलच्या मापासाठी (ते शेवटी येतंच), दोन्ही तयार फंक्शनं आहेत. मायएसक्यूएलमध्ये विंडो फंक्शनं ८.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून आहेत, पण कॉर नाही. एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइटमध्येही नाही. तिथे शेवटची ओळ हाताने लिहायची. नंबरांच्या गुणाकाराची सरासरी घ्या, तिच्यातून दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार वजा करा, आणि दोन्ही प्रमाण विचलनांच्या गुणाकाराने भागा. मायएसक्यूएलमध्ये:

सिलेक्ट
  (एव्हीजी(व्यास_क्रम * चंद्र_क्रम) - एव्हीजी(व्यास_क्रम) * एव्हीजी(चंद्र_क्रम))
  / नलइफ(एसटीडीडेव्ह_पॉप(व्यास_क्रम) * एसटीडीडेव्ह_पॉप(चंद्र_क्रम), ०) ॲज स्पिअरमन
फ्रॉम क्रमवार;

विचलन ‘पॉप’चंच घ्या, ‘सॅम्प’चं नको. सरासरी काढताना ओळींच्या एकूण संख्येने भागलेलं असतं, विचलनातही तसंच हवं; ‘सॅम्प’ एकने कमी संख्येने भागतं. नाहीतर आठ ओळींत ०.८८६ चं ०.७७५ होतं. नलइफ शून्याने भागण्यापासून वाचवतं, एखाद्या रकान्यात सगळं सारखंच असेल तेव्हा.

पडताळा घ्यायचा असेल तर तोच तक्ता एक्सेल किंवा लिब्रेऑफिसमध्ये नेऊन रँक.एव्हीजी आणि कॉरेल लावा, किंवा पायथनच्या पांडाजमध्ये कॉरला मेथड स्पिअरमन सांगा. ०.८८६ आलं की क्वेरी बरोबर.

केंडॉलचं माप, १९३८ चं, यालाच जोडून येतं. त्यात नंबरांतला फरक न बघता प्रत्येक दोन ओळींची जोडी तपासतात: दोन्ही रकाने एकाच दिशेने गेले की उलट? अंतर आणि व्यासासाठी २८ जोड्यांपैकी २० एका दिशेने आणि ८ उलट, म्हणून १२ भागिले २८, ०.४३. समजावून सांगायला ते मला स्पिअरमनपेक्षा आवडतं. पण साध्या एसक्यूएलमध्ये त्यासाठी तक्ता स्वतःशीच जोडावा लागतो. आठ ओळींना २८ जोड्या, एक लाख ओळींना जवळजवळ ५०० कोटी. सर्व्हर तुमच्या एकट्याचा नसेल तर आधी काही हजार ओळींचा नमुना काढा आणि केंडॉल त्याच्यावरच चालवा.